वाळा बांधाला लावा, तेलाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यात मलप्रभेला लागून दीड एकर भाताचं शेत, त्याच्या वरच्या अंगाला एक एकर तांबड्या मातीचा उतार. नदी दरवर्षी काठ खाते आणि उतारावरची माती दरवर्षी खाली खाचरात येऊन बसते. कुणीतरी वाळा लावा म्हणून सांगितलं, आणि नेमका त्याच सुमारास तेलाच्या धंद्यातला एक माणूस "खस (म्हणजे वाळाच) लावा, मुळं आम्ही उचलतो" असं सांगून गेला. तर दोन्ही कामं एकाच लागवडीत होतील का, वाळा कुंदा या तणासारखा शेतभर पसरेल का, आणि त्यात साप राहतात हे खरं का.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, बाकीचं त्यातूनच निघतंय. दोन्ही कामं एका लागवडीत होत नाहीत. बांध धरतात ती मुळं, आणि तेल असतं तेही मुळातच. तेल हवं तर मूळ खणावं लागतं, आणि खणलं की बांध गेला. वाळ्याचं व्हेटिव्हर हे इंग्रजी नाव तमिळ 'वेट्टिवेर'वरून आलंय. वेर म्हणजे मूळ, वेट्टिवेर म्हणजे खणून काढलेलं मूळ. नावातच भांडण आहे बघा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, हात भाजून घेतलेत. २०११ च्या आषाढात मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या माझ्या उताराच्या एका एकरात वाळा लावला, तोही तेलासाठी. दोन फुटांवर ओळी, फुटाला एक रोप, म्हणजे २०-२२ हजार रोपं. मुळं घ्यायची हमी देणारी एक कंपनी होती, कागदसुद्धा केला होता. दीड वर्षानं, २०१३ च्या जानेवारीत काढणीला आलो तर कंपनीचा फोन लागेना. गडी लावून मुरमातून मुळं काढायची म्हणजे एका गड्याच्या दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके थोंब, म्हणजे गवताचे झुबके. शेवटी जेसीबी घातला. मुळं अर्धी तुटली, अर्धी निघाली. तीन महिने खोपीत पडून होती, मग उन्हाळ्याच्या तोंडावर पडदेवाल्यांना आणि काष्ठौषधीच्या दुकानांना मिळेल त्या भावानं दिली. तोटा झाला, तो सोसला. पण जूनमध्ये जे झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. दोन फूट भुसभुशीत करून ठेवलेली माती पहिल्या दोन मोठ्या पावसांत ओढ्याला गेली. गुडघाभर खोल चऱ्या पडल्या. तेलापायी मी तिथं किती वर्षांची माती घालवली, त्याचा हिशेब होत नाही.

खालच्या कडेला विहिरीजवळ एक ओळ राहिली होती, कारण तिथं जेसीबीचा हात पोचला नाही. वरून आलेला गाळ त्या एका ओळीनं अडवला. आज तिच्या मागं मांडीएवढी पायरी झालीय आणि ओळ अजून पायरीच्या वर उभी आहे. गाळ बुडख्यावर चढला की वाळ्याच्या कांड्यांना वरच्या पेरापासून नवी मुळं फुटतात, त्यामुळं तो गाडला जात नाही, गाळाबरोबर वर येतो. ती पायरी बघून मी वाळ्याकडं नव्यानं बघायला शिकलो.

आता गवताची ओळख. शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडीस, जुन्या पुस्तकांत व्हेटिव्हेरिया म्हणून सापडेल. आपल्या डोंगरमाथ्यावर गुरं चरतात ते डोंगरी गवत याच कुळीतलं, त्याचा चुलतभाऊ म्हणा. संस्कृतात उशीर, कन्नडमध्ये लावंच. बाजारात कन्नड दुकानदाराला वाळा म्हटलं आणि कळलं नाही तर लावंच म्हणा, लगेच काढून देईल. मूळचा हा पाणथळ जागेचा, नदीकाठचा, ओढ्याच्या दलदलीचा रहिवासी. बहुवार्षिक आहे, एकदा लागला की वर्षानुवर्षं त्याच जागी. पान अरुंद, ताठ, कडेला जरा खरखरीत. थोंब माणसाएवढा उंच होतो. पावसाळा सरता सरता जांभळट-तपकिरी तुरा येतो. बुडखा हातात धरून बघा: पानांचे देठ चपटे, एकात एक अडकवलेले, पंख्यासारखे. खूण म्हणून हे लक्षात ठेवा, कारण गवती चहाचा थोंब लांबून असाच दिसतो. चहाचं पान चुरगळलं की वास येतो. वाळ्याच्या पानाला काहीच वास नाही, सगळा मुळात. मुळाच्या सालीच्या आतल्या थरात तेलाच्या पेशी असतात, म्हणून बारीक कोवळ्या तंतूंपेक्षा पिकलेल्या जाड मुळाला वास चढतो.

मूळ सरळ खाली जातं, हीच त्याची कमाई. भुसभुशीत जमिनीत ३ ते ४ मीटर जातं. आमच्या मुरमात मी विहिरीच्या कडेला सहा फुटांपर्यंत स्वतः मोजलंय, त्याखाली जांभा दगडाच्या भेगांत शिरलं होतं. आडवं मात्र फारसं पसरत नाही, त्यामुळं शेजारच्या ओळीतल्या पिकाचं खत-पाणी ओढत नाही.

कुंद्याची भीती मला समजते. कुंद्यानं ज्याचं रान धरलं, तो प्रत्येक नव्या गवताकडं संशयानं बघणारच. पण कुंदा आणि हरळी जमिनीखालून, जमिनीवरून धावतात, वाळा धावत नाही. राहिला बियांचा प्रश्न. वाळ्याचे ढोबळमानानं दोन प्रकार. उत्तर भारतातल्या रानटी प्रकाराला उगवणारं बी येतं. दक्षिण भारतात पिढ्यानपिढ्या फुटव्यांवर वाढवलेला जो प्रकार आहे, त्याला तुरा येतो पण बी वांझ. बाहेरच्या देशांत बांधांना लावलेला बहुतेक वाळा याच वांझ प्रकारातला, डीएनए तपासणीत जवळपास एकच कुळी निघाली. दक्षिण कर्नाटकातल्या गुंडलुपेट भागातले शेतकरी कित्येक पिढ्या शेताच्या हद्दीला हाच लावत आले. हद्द म्हणजे आपल्याकडं भावाभावांत कोर्टापर्यंत जाणारी गोष्ट, आणि ती इकडची तिकडं सरकत नाही म्हणूनच तिथं वाळा ठेवला, यातच सगळं आलं. तर रोपं अशाच थोंबाची घ्या, ज्याच्या आसपास पाच-सात वर्षांत एकही आपोआप उगवलेलं रोप दिसलं नाही. बी विकत देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. वाळ्याचं बी विकणारा एक तर तुम्हाला फसवतोय, नाही तर तण देतोय.

आता तुमचा उतार. सगळ्यात जास्त चूक इथं होते: लोक वाळा हद्दीला लावतात किंवा नांगराच्या तासाला लावतात, पाण्याच्या पातळीला नाही. ओळ एका बाजूला जरी कलली तरी पाणी तिच्या कडेकडेनं धावून टोकाला चर पाडतं, म्हणजे ओळीशिवाय होतं तेच बरं होतं. यासाठी इंजिनियर बोलवायला नको. साताठ फुटांच्या दोन काठ्या वर टोकाला बांधा, खाली पाय साताठ फूट फाकवा, मध्ये एक आडवी काठी ठोका. वरच्या टोकावरून दोरीला दगड बांधून सोडा. जरा चढ-उताराच्या जागी चौकट उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या मारा, आडव्या काठीवर दोरी जिथं टेकते तिथं खूण करा. मग चौकट फिरवा, डाव्या पायाच्या खुंटीवर उजवा पाय ठेवा, पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधली खूण म्हणजे समपातळी. आता शेतात एक पाय खुंटीवर ठेवायचा, दुसरा वरखाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणायची, खुंटी मारायची, पुढं. वारा असेल त्या दिवशी करू नका, दोरी नाचते. एकरभर रानात दोन माणसं सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत दोन ओळी आखतात.

किती ओळी? दर मीटरभर, म्हणजे सव्वातीन फूट, उतार पडला की एक ओळ असा हिशेब धरा. तुमचा उतार शंभर फुटांना पाच फूट आहे असं धरलं आणि एकर साधारण २१० बाय २१० फूट, तर एकूण साडेदहा फूट पडतो. तीन ओळी झाल्या. ६३० फुटांना दर अर्ध्या फुटाला एक रोप म्हणजे १,२६०, आणि एका रोपात तीन फुटवे म्हणजे पावणेचार हजार फुटवे. वर्षाच्या चांगल्या थोंबात ३० फुटवे निघतात, म्हणजे सव्वाशे-दीडशे थोंब लागतील. एवढे विकत आणायची गरज नाही. पंधरा-वीस थोंब आणा, विहिरीच्या पाण्यावर ओलिताच्या जागेत फूटभर अंतरावर रोपवाटिका करा, पुढच्या मृगाला तुमची रोपं तुमच्या दारात. घाई असलेल्यांना हे पटत नाही, मला ठाऊक आहे.

रोप कसं करायचं ते नीट ऐका, कारण इथं हयगय केली की जून-जुलैचा पाऊससुद्धा वाचवत नाही. थोंब कुदळीनं मुळासकट उपटा. फुटवे कुऱ्हाडीनं तोडू नका, हातानं फाडा, तीन-तीनच्या जुडीत. पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं दोन-तीन इंच ठेवून छाटा. लांब मुळं खड्ड्यात वर वाकतात आणि कुजतात, म्हणून त्यांचा मोह नको. शेण आणि मातीच्या रबड्यात बुडवा, ओल्या पोत्यात गुंडाळा, सावलीत ठेवा. दोन-चार दिवसांत लावून संपवा. लावताना बोटाच्या खोलीइतकी चरी, मूठभर शेणखत, जमल्यास चिमूटभर डीएपी खत, आणि पायानं घट्ट दाबायचं. ओढून बघा, हातात आलं तर पुन्हा लावा. पाऊस दोन-तीन दमदार पडून जमीन खाली ओली झाल्यावरच लावणी. पहिल्या पावसाच्या वासानं लावलेली माझी एक पूर्ण ओळ मृगानं ताण दिल्यावर गेली.

पहिल्या वर्षी दोन कामं: मेलेल्या जागी लगेच नवं रोप, आणि सावली पडू न देणं. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं कर्नाटकात पाणलोटाची कामं झाली, बंगळूरजवळच्या कब्बळनाल्यात वाळा लावला गेला, देशभर त्याचं नाव झालं. पण पुढं कितीतरी गावांत तो 'चालत नाही' म्हणून सोडला. मी जिथं जिथं जाऊन बघितलं तिथं कारण एकच: एकदा लावला, फोटो काढले, तुटीच्या जागा कुणी भरल्या नाहीत. ओळीत हातभर तूट राहिली की सगळं पाणी त्याच तोंडातून फुटतं. आणि सावली तर वाळ्याची वैरी. काजूच्या झाडाखाली, जंगली झुडपात, उसाच्या फडाला चिकटून लावला की रोगट होऊन मरतो. दुष्काळ सोसतो, आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहतो, वणव्यातून उठतो, कारण त्याचा जीव जमिनीच्या पातळीखाली असतो, पण ऊन मिळालं नाही की संपला. आणि बांधावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारायची सवय असेल तर ती त्या ओळीपुरती सोडा.

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या मध्यावर आणि एकदा सुगीनंतर, दीड फुटावर कापा. कापलं की फुटवे वाढतात, ओळ दाट होते. दोन-तीन पावसाळ्यांत ओळ अशी घट्ट होते की तिच्यातून पाणी झिरपतं, माती मागं राहते. कापलेलं कोवळं पान गुरं खातात. जून झालेलं खात नाहीत, ते गोठ्याच्या छपराला किंवा मिरचीच्या, रताळ्याच्या ओळींत आच्छादनाला टाका. मका करत असाल तर आणखी एक फायदा: मक्याचा खोडकिडा अंडी घालायला वाळ्यावर जाणं पसंत करतो आणि त्याच्या अळ्या तिथं जगत नाहीत.

नदीचा काठ हे वेगळं प्रकरण, तिथं जूनमध्ये लावू नका. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि वरच्या घाटात कोसळलेला पाऊस तुमच्या काठाला लगेच पोचतो. नवी रोपं पहिल्याच पुरात जातील. दसरा-दिवाळीच्या दरम्यान पाणी उतरलं की लावा आणि पहिला उन्हाळा पाणी द्या. नदीशी समांतर ओळी तीन-तीन फुटांवर, आणि त्यांना छेदणाऱ्या, प्रवाहाच्या आडव्या छोट्या ओळी दहा-पंधरा फुटांवर, म्हणजे पाण्याला काठावर वेग धरता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर सगळ्यांना आठवत असेल. माझ्या मेहुण्याच्या काठावरचा चार वर्षांचा वाळा त्यात पूर्ण बुडाला, आडवा झोपला, गाळानं माखला. पाणी ओसरल्यावर आम्ही तो कापून टाकला आणि पंधरवड्यात हिरवा झाला. तिथली माती राहिली. शेजारी तीस पावलांवर जिथं नुसता ऊस होता, तिथं बैलगाडी मावेल एवढा काठ तुटला.

तरी एक सांगून ठेवतो. तुमचा काठ खालून पोखरत असेल, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली पायथा आत गेला असेल आणि वर ओठ लोंबत असेल, तर एकट्या वाळ्यानं भागणार नाही. आधी तो ओठ उतरता करा, पायथ्याला मोठे दगड रचा, मग वर वाळा. उन्हाळ्यात नदी आटली की स्वतः पात्रात उतरून बघा. वरून बघून कळत नाही.

आता तेल. एक टक्का हा आकडा लक्षात ठेवा. वाण, वय, जमीन यांप्रमाणे थोडं खालीवर. म्हणजे शंभर किलो वाळलेल्या मुळांतून साधारण किलोभर तेल. ते निघायला वेळही लागतो. गवती चहाचं तेल दोन-तीन तासांत उतरतं, वाळ्याची भट्टी दिवस-दिवस चालवावी लागते, आणि सर्वात दमदार तेल शेवटी येतं. मुळं दीड वर्षानं, थंडीत काढतात. वाळूमिश्रित जमिनीत काढणी सोपी, तुमच्या-आमच्या तांबड्या मुरमात नाही, निपाणी-चिक्कोडीकडच्या काळ्या रानात तर विचारूच नका. जगात सगळ्यात जास्त तेल हैती देशातून येतं, तिथं डोंगर उतारावर मुळं खणून खणून मातीची काय दशा झाली ते वाचण्यासारखं आहे. आपल्या देशात तमिळनाडूतल्या कडलूरच्या वाळूच्या पट्ट्यात हे पीक बसतं. तरी करायचंच असेल तर सपाट, हलक्या जमिनीत, पाण्याची सोय बघून करा. वाण लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेचे घ्या, 'धारिणी', 'गुलाबी', 'केसरी' ही त्यांची जुनी नावं आहेत. त्यांचं केंद्र बंगळुरात आहे. लावायच्या आधी भट्टी कुठं आहे ते स्वतः जाऊन बघा, भट्टीवाल्याशी बोला. "मुळं आम्ही उचलतो" हे वाक्य माझ्या कानाला अजून कडू लागतं.

घरापुरता वाळा मात्र खणल्याशिवाय मिळतो, आणि ही युक्ती मी सगळ्यांना सांगत असतो. सिमेंटची रिकामी पोती घ्या, तळाला भोकं पाडा, अर्धी वाळू, अर्धं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरा. एका पोत्यात एक जुडी. विहिरीजवळ उन्हात ओळीनं उभी करा, पाणी द्या. तळाखाली एखादी फरशी किंवा फुटकं कौल ठेवा, नाही तर मुळं पोतं फोडून जमिनीत जातात. पुढच्या वर्षीच्या थंडीत पोतं उभं चिरायचं. माती हातानं झाडली की गळून पडते आणि आत मुळांचा उभाच्या उभा झुपका राहतो, पोत्याच्या आकाराचा, फिक्या सोनेरी रंगाचा. हौदात धुताना पाण्याला आधी ओल्या मातीचा वास येतो, तिसऱ्या पाण्यापर्यंत मातीचा जातो आणि वाळ्याचा राहतो. सावलीत वाळवा, उन्हात वास उडतो. वरचे फुटवे पुन्हा लावायला मोकळेच.

ती मुळं काय करायची ते तुमच्या घरच्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. माठात जुडी टाकतात, ती दर दोन-तीन दिवसांनी काढून वाळवा, नाही तर बुळबुळीत होते. सरबताला पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी वापरा, बाजारातला हिरवा रंग हा वाळ्याचा रंग नव्हे. चरकसंहितेत अंगाची आग शमवणाऱ्या दहा द्रव्यांत उशीर आहे, पण म्हणून ताप आला की डॉक्टर सोडून वाळ्याचं पाणी पीत बसू नये. खिडकीच्या ताट्या विणणारे हात आमच्या भागात आता फारसे राहिले नाहीत. माझ्या आजोबांच्या सोप्यात एक ताटी होती, उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर पाणी मारायचं काम माझं.

सापाचं राहिलं. साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. वाळ्याची ओळ कापलेली, बुडखा मोकळा आणि आसपास भाताच्या पेंढ्यांचा ढीग नसेल तर उंदीर तिथं राहत नाही. न कापता वाढू दिलेल्या जुन्या थोंबात घोणस मी दोनदा बघितलीय, म्हणून कापायला जाताना आधी काठीनं बुडखे झोडा, पायात बूट घाला, आणि अंधार पडल्यावर कापणी करू नका.

रोपं माझ्याकडून न्या. यंदा दसऱ्यानंतर विहिरीकडची जुनी ओळ विरळ करणार आहे, पंधरा-वीस थोंब सहज निघतील. पैसे नकोत, पण दोन ओली पोती आणा आणि ज्या दिवशी न्याल त्याच दिवशी लावायला गडी सांगून ठेवा.